काठी हातात येण्याआधी: ऑर्केस्ट्राचा कंडक्टर घडतो कसा

राजारामपुरीत माझ्याकडं व्हायोलिन शिकायला एक मुलगी येते. अकरावी सायन्सला आहे, सात वर्षं वाजवतेय. दिवाळीनंतर एकदा तास संपला, व्हायोलिन पेटीत ठेवता ठेवता ती म्हणाली, "सर, वाजवणार तर आहेच, पण मी कंडक्टर होतो म्हणतो." कोल्हापूरच्या पोरी 'होतो', 'जातो' असंच बोलतात. पुढच्या आठवड्यात तिचे वडील आले. मार्केट यार्डात त्यांची गुळाची अडत आहे. व्यवहारातला माणूस, त्यामुळं प्रश्नही रोखठोक. "सर, ह्यात शिकायचं काय असतंय? किती वर्षं जात्यात? आणि पोट भरतंय का?"

त्या दिवशी चहा निवेपर्यंत जमेल तेवढं सांगितलं. हे तिन्ही प्रश्न इतके बरोबर होते की नीट बसून उत्तर लिहावं असं वाटलं.

आपल्याकडं ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीत मंडळानं ठेवलेला हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम. दोन-तीन गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी. इथं विषय आहे तो सिंफनी ऑर्केस्ट्राचा. साठ ते शंभर वादक, त्यातले निम्म्याहून जास्त व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बास वाजवणारे, मागं बासरी-क्लॅरिनेटसारखी लाकडी फुंकवाद्यं, त्यांच्याजवळ पितळी वाद्यं आणि शेवटी तालवाद्यं. प्रत्येकापुढं कागद असतो आणि त्या कागदावर फक्त त्याच्याच वाद्याचे स्वर असतात. चेलोवाले काय वाजवणार आहेत हे बासरीवाल्याच्या कागदावर लिहिलेलं नसतं. सगळ्यांचे सगळे स्वर एकाखाली एक लिहिलेलं पुस्तक एकाच माणसापुढं असतं. त्या पुस्तकाला स्कोअर म्हणतात आणि तो माणूस म्हणजे कंडक्टर. अख्ख्या मंचावर आवाज न काढणारा तेवढा एकटाच.

मग तो लागतो कशाला? आपली मिरवणूक आठवा. पुढं हलगी-घुमकं, मागं झांजपथक, मिरवणूक लांबली की दोन्हींचा ठेका फुटतो. वादक वाईट असतात म्हणून नाही. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचावर पंधरा मीटर मागं बसलेल्या ट्रम्पेटचा स्वर पुढच्या व्हायोलिनपर्यंत पोचायला सेकंदाचा विसावा-बाविसावा हिस्सा लागतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण जलद लयीत एवढ्यानं चिरफळ्या उडतात. मागच्यांनी पुढचं ऐकून वाजवलं तर श्रोत्याला ते उशिराच ऐकू येणार. म्हणून त्यांना कानापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवावा लागतो आणि डोळ्यांना बघायला एक हात लागतो.

हे झालं अगदी प्राथमिक कारण. खरं काम निर्णयाचं आहे. ख्याल गाणारा गवई किती थांबायचं, कुठं स्वर हलका सोडायचा हे त्या क्षणी ठरवतो आणि तबला-पेटी त्याच्या मागं जातात. ऐंशी जणांनी असं आपापलं ठरवलं तर नुसता गलका होईल. म्हणून ठरवणारा एक, आणि त्याचं ठरलेलं उरलेल्यांना पटायलाही हवं. हे पटणं जबरदस्तीनं होत नाही. ऑर्केस्ट्रातली माणसं तीस-तीस वर्षं वाजवलेली असतात. समोर उभ्या राहिलेल्या पोराला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतंय की नाही, हे त्यांना पहिल्या काही मिनिटांतच कळतं.

आता शिकायचं काय ते एका उदाहरणानं सांगतो. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना, पहिल्यांदा वाजली १८०८ च्या डिसेंबरमध्ये, व्हिएन्नात. तिची सुरुवात सगळ्यांनी कुठं ना कुठं ऐकलेली असते, तीन आखूड स्वर आणि एक लांब. ऐकायला वाटतं, ह्यात काय अवघड? पण स्कोअर उघडा. पहिला स्वर नाहीच आहे तिथं. पहिली खूण विश्रांतीची आहे, अर्ध्या मात्रेची. म्हणजे सम रिकामी, तिच्यामागून तीन स्वर आणि चौथ्यावर थांबा. तो थांबा किती लांब, तेही कागदावर मोजून दिलेलं नाही. तबल्यावर सम सोडून उठणं आपल्याला नवीन नाही, पण तिथं आधी लय चाललेली असते. इथं मागं काहीच नाही, नुसती शांतता. शांततेतून पन्नास-साठ माणसांना रिकाम्या समेवर एकत्र पाय ठेवायला लावायचा आणि पुढच्याच अर्ध्या मात्रेवर एकत्र उचलायचा.

हे होतं त्या आधीच्या एका हालचालीत. कंडक्टरचा हात खाली येण्यापूर्वी वर जातो, त्या वर जाण्यातच सगळं असतं. हात किती वेगानं उठला त्यावरून लय कळते, किती उंच गेला त्यावरून आवाज, आणि मनगट कडक आहे की सैल त्यावरून स्वराचा स्वभाव. फुंकवाद्यवाले त्याच हालचालीबरोबर श्वास घेतात. हात उठला आणि कंडक्टरनं स्वतः श्वास घेतला नाही, तर समोरचेही अडखळतात. चार मात्रांना खाली-डावीकडं-उजवीकडं-वर, तीन मात्रांना खाली-उजवीकडं-वर, ह्या आकृत्या हुशार मूल एका दुपारी शिकतं. तो एक उठाव शिकायला वर्षं जातात.

स्कोअर वाचणं हे वेगळंच प्रकरण आहे. त्याच पहिल्या पानावर दहा-बारा ओळी आहेत आणि त्या सगळ्या एका भाषेत नाहीत. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर, क्लॅरिनेटच्या ओळीत पांढरी एक लिहिलेली असली तर प्रत्यक्षात वाजते काळी पाच. हॉर्नच्या ओळीत तीच पांढरी एक लिहिली तर वाजते काळी दोन. व्हिओलाची ओळ निराळ्याच खुणेनं सुरू होते, तिथं रेघांवरचे स्वर व्हायोलिनच्या कागदासारखे नसतात. कंडक्टरनं हे सगळं डोळ्यांनी बघून, मनात खऱ्या स्वरात बदलून, एकत्र ऐकायचं असतं, तेही वाद्य हातात न घेता. आपल्याकडं पेटीवाला गायकासाठी काळी एकवरून पांढरी चारवर जातो तेव्हा हेच करतो, फक्त एकाच ओळीत. इथं दहा ओळींत आणि चालत्या लयीत. ह्यासाठीच कंडक्टिंगच्या प्रवेशपरीक्षेत बहुतेक ठिकाणी पियानो वाजवायला लावतात आणि न पाहिलेला स्कोअर पियानोवर उलगडायला सांगतात. कान तपासतात तेही कडक असतं. काही स्पर्धांत तर वादकांना मुद्दाम चुका पेरलेले कागद देतात आणि कोणाच्या वाद्यात कुठला स्वर चुकला ते उमेदवारानं सांगायचं असतं.

वडिलांना मी हे कुस्तीच्या भाषेत सांगितलं. खासबागेजवळ वाढलेल्या माणसाला ती लगेच कळते. पैलवान एकटा काय करू शकतो? जोर, बैठका, दोरी, मेहनत. पण डाव शिकायचा तर समोर जोड लागतो. कंडक्टरचे जोर-बैठका म्हणजे स्कोअर, कान, पियानो आणि स्वतःचं वाद्य. ते घरी होतात. पण त्याचा जोड म्हणजे ऐंशी माणसं. व्हायोलिनचा विद्यार्थी पहाटे चार तास वाजवू शकतो. कंडक्टिंगच्या विद्यार्थ्याला त्याचं वाद्य, म्हणजे माणसं, रोज मिळत नाही. चांगल्या विद्यापीठातही रोजच्या वर्गात ऑर्केस्ट्राच्या जागी दोन पियानोवादक बसवतात आणि त्यांच्यापुढं हात चालवायचा. खरा ऑर्केस्ट्रा मिळतो तो मोजक्या दिवशी, मोजकी मिनिटं. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत योर्मा पानुला ह्या गुरुजींनी १९७३ पासून वीस वर्षं शिकवलं ते विद्यार्थ्यांना ऑर्केस्ट्रापुढं प्रत्यक्ष उभं करून आणि नंतर त्यांचंच व्हिडिओ चित्रण त्यांना दाखवून. एसा-पेक्का सालोनेन, साकारी ओरामो, सुसाना मेल्की हे त्यांचेच विद्यार्थी. पन्नास-पंचावन्न लाखांच्या देशातून एवढे कंडक्टर जगभर गेले, त्याचं मोठं कारण मला तरी हेच वाटतं की त्या मुलांना लवकर जोड मिळाला.

ही गोष्ट एकदा लक्षात आली की कंडक्टरच्या वाटचालीतला प्रत्येक टप्पा उलगडतो. प्रत्येक टप्पा म्हणजे ऐंशी माणसांचा वेळ मिळवण्याची एक रीत.

झुबिन मेहतांचंच घ्या. १९३६ साली मुंबईत जन्म. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे. मुलानं आधी वैद्यकीय शिक्षणाची वाट धरली होती, ती सोडून अठराव्या वर्षी तो व्हिएन्नाला गेला. तिथं हान्स स्वारोव्स्कींकडं कंडक्टिंग शिकला आणि जोडीला डबल बास. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघायच्या होत्या, पण त्या बाहेरच्यांना बंद असत. मग झुबिन आणि त्याचा वर्गमित्र क्लाउडिओ अब्बाडो दोघं तिथल्या गायकवृंदात भरती झाले. गायक म्हणून आत शिरले आणि उभ्या उभ्या कारायानसारख्यांचे हात न्याहाळले. आपल्याकडं शिष्य वर्षानुवर्षं गुरूच्या मागं तानपुरा घेऊन बसतो, तसंच हे. अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या दरबारात आणलं, त्या परंपरेतल्या घरांत तानपुऱ्यावर बसणं हीच पहिली शाळा होती.

१९५८ मध्ये मेहता लिव्हरपूलची स्पर्धा जिंकले. बक्षीस होतं तिथल्या ऑर्केस्ट्रात वर्षभराची सहायकाची जागा. पुढं माँट्रियलमध्ये आजारी कंडक्टरच्या जागी ऐनवेळी उभे राहिले, मग लॉस एंजेलिसमध्ये फ्रिट्झ रायनर आजारी पडले तेव्हाही तेच. लॉस एंजेलिसनं १९६२ मध्ये त्यांना संगीत संचालक केलं तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. लोक सव्वीस हा आकडा धरून बसतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की बोलावणं आलं तेव्हा स्कोअर तयार होते.

बदली म्हणून उभं राहणं ही ह्या क्षेत्रातली जुनी वाट आहे. १८८६ मध्ये रिओ द जानेरोत एका चेलोवादकाला ऐनवेळी वर चढवलं आणि त्यानं अख्खा ऑपेरा, म्हणजे गाण्यातलं नाटक, तोंडपाठ चालवला. तो एकोणीस वर्षांचा आर्तुरो तोस्कानिनी. १४ नोव्हेंबर १९४३ ला न्यूयॉर्कमध्ये ब्रुनो वॉल्टर आजारी पडले आणि पंचवीस वर्षांचा सहायक लेनर्ड बर्नस्टाइन एकही तालीम न घेता मंचावर गेला. कार्यक्रम रेडिओवरून देशभर गेला. सालोनेनचंही तसंच, १९८३, लंडन, माहलरची तिसरी सिंफनी, वय पंचवीस. ह्या कथा वाचून पोरांना वाटतं नशीब फळफळलं. पण सहायक कंडक्टरची नोकरीच मुळात त्यासाठी असते. दर आठवड्याचा कार्यक्रम मुख्य कंडक्टरइतकाच पाठ करायचा आणि तालमीत मागच्या खुर्चीत बसायचं. पितळी वाद्यांत व्हिओला बुडतोय का, गायक दहाव्या रांगेत ऐकू येतोय का, ते टिपून मध्यंतरात सांगायचं. पडद्यामागून ट्रम्पेट वाजणार असेल तर तिथं उभं राहून हात दाखवायचा. शाळकरी मुलांचे कार्यक्रम स्वतः चालवायचे. आणि मुख्य माणूस आजारी पडलाच तर कोट घालून पुढं जायचं. बहुतेक सहायकांवर ती वेळ येतच नाही. तयारी मात्र दर आठवड्याला तेवढीच करावी लागते.

स्पर्धा ही दुसरी वाट. फ्रान्समधल्या बेझांसाँची स्पर्धा १९५१ पासून चालते. १९५९ मध्ये ती जपानी तरुण सेइजी ओझावानं जिंकली. डेन्मार्कची माल्को स्पर्धा १९६५ पासूनची. जर्मनीतल्या बाम्बर्गची माहलर स्पर्धा २००४ मध्ये व्हेनेझुएलाच्या गुस्ताव्हो दुदामेलनं जिंकली आणि पाच वर्षांत तो लॉस एंजेलिसला पोचला. बहुतेक स्पर्धांना वयाची अट असते, साधारण पस्तिशीपर्यंत. आधी व्हिडिओ मागवतात, मोजक्यांना बोलावतात, आणि एकेकाला ऑर्केस्ट्रापुढं पंधरा-वीस मिनिटं देतात. तेवढ्यात नुसतं वाजवून घेतलं तर गुण मिळत नाहीत. थांबवायचं कुठं आणि काय सांगायचं, हेच बघतात. नवखा कंडक्टर थांबवून दोन मिनिटं भावनेवर बोलतो. जाणता सांगतो, "दुसरं व्हायोलिन, तो स्वर आखूड." आणि लगेच हात उचलतो.

जर्मनीची वाट निराळी आहे, आणि त्या वडिलांच्या तिसऱ्या प्रश्नाला तीच सर्वांत जवळची. तिथं लहान-लहान गावांतसुद्धा सरकारी पैशावर चालणारी ऑपेराघरं आहेत. देशभरात अशा मदतीवर चालणारे शंभरहून जास्त ऑर्केस्ट्रा आहेत. तरुण कंडक्टर तिथं कोरेपेटिटोर म्हणून लागतो. म्हणजे गायकांच्या तालमीला पियानोवर बसणारा माणूस. आपल्या संगीत नाटकात ऑर्गनवाला जे करायचा, नटाला चाल बसवून द्यायची, चुकला तर सावरून घ्यायचं, ते पुष्कळसं हेच. महिन्याचा पगार मिळतो. मग कधी एखादा प्रयोग चालवायला मिळतो, पुष्कळदा तालमीशिवाय, कारण प्रयोग बसलेला असतो आणि रोज नव्यानं तालीम परवडत नाही. तिथून दुसरा कापेलमाइस्टर, म्हणजे ऑपेराघरातला कंडक्टर, मग पहिला, आणि एखाद्यालाच त्या गावचा मुख्य संगीत संचालक होता येतं. हर्बर्ट फॉन कारायान १९२९ मध्ये उल्म नावाच्या छोट्या शहरात कापेलमाइस्टर म्हणून लागला आणि पाच वर्षं तिथं राबला. ही वाट संथ आहे, पण त्यात रोज माणसं समोर असतात. माझ्या दृष्टीनं ह्याहून चांगली तालीम नाही.

सगळे त्यात टिकतात असं नाही. विद्यापीठातून बाहेर पडल्यावर पुष्कळजण गायकवृंद चालवतात, शिकवतात, शाळांचे ऑर्केस्ट्रा सांभाळतात, आणि पाहुणे म्हणून बोलावणं येईल का ह्याची वाट बघतात. एकदा बोलावणं येणं हे यश नव्हे. त्याच ऑर्केस्ट्रानं दुसऱ्यांदा बोलावलं तर ते खरं. यशस्वी व्हायची वयं कमी-कमी होत चालली आहेत, हेही खरं. फिनलंडचा क्लाउस मेकेला, १९९६ चा जन्म, आधी चेलोवादक, २०२० मध्ये ओस्लोचा मुख्य कंडक्टर झाला आणि २०२७ पासून ॲम्स्टरडॅम आणि शिकागो दोन्हीकडची जबाबदारी घेणार आहे. पण मला जास्त भावतो तो सायमन रॅटल. पंचविसाव्या वर्षी, १९८० मध्ये, बर्मिंगहॅमला आला आणि अठरा वर्षं एकाच गावात राहिला. त्या ऑर्केस्ट्राला त्यानं हळूहळू वर काढलं आणि स्वतःही त्यांच्याबरोबर मोठा झाला.

मुलगी आहे म्हणून वडिलांना आणखी एक काळजी होती, ती त्यांनी बोलून नाही दाखवली, पण कळत होती. व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं बाईला सभासद करून घेतलं तेच १९९७ मध्ये. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्राची मुख्य म्हणून पहिली बाई आली २००७ मध्ये, बाल्टिमोरला, मेरिन ऑल्सॉप. तीही व्हायोलिनवालीच. तिला कोणी ऑर्केस्ट्रा देईना तेव्हा तिनं १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःच कॉन्कॉर्डिया नावाचा वाद्यवृंद जमवला. वाट बघत बसली नाही. आता बायका पुढं येताहेत, पण अजून कमीच आहेत, हे मी वडिलांना लपवून ठेवलं नाही.

मग कोल्हापुरातल्या सतरा वर्षांच्या मुलीनं काय करावं? इथं कंडक्टिंगचा वर्ग नाही. मुंबईत एनसीपीए ह्या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तो हंगामात जाऊन ऐकावा, आणि स्कोअर मांडीवर घेऊन ऐकावा. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. गोव्याच्या चर्चशाळांत पिढ्यान्‌पिढ्या स्टाफ नोटेशन, म्हणजे रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, आणि व्हायोलिन शिकवलं गेलं. त्यातूनच मुंबईच्या चित्रपटसंगीताला वादक मिळाले, आणि सेबॅस्टियन डिसूझांसारखे लोक मिळाले, जे शंकर-जयकिशन यांच्या चालींना डझनावारी व्हायोलिनांचे कागद लिहून देत आणि समोर उभं राहून वाजवूनही घेत. आपल्या देशात कंडक्टरचं काम खरं तर असं स्टुडिओत, नाव न होता, झालेलं आहे.

व्हायोलिन सोडायचं नाही, हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं. एका वाद्यावर हुकमत नसलेल्या कंडक्टरला वादक मान देत नाहीत. पियानो ह्याच महिन्यात सुरू करायचा. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा इथं राहून देता येतात, त्यांच्या लेखी भागानं स्वरलिपी आणि स्वरमेळ पक्का होतो. जर्मन भाषा आत्तापासून, कारण तिथल्या विद्यापीठात ती लागतेच आणि तालमीतही त्याच भाषेत बोलायचं असतं. तिथल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना एका सत्राला १५०० युरो पडतात. खर्च आहे तो राहण्याखाण्याचा, आणि व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी खात्यात अडकवून दाखवावी लागते. वडिलांनी हे खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. बारावीनंतर पाच-सहा वर्षं शिक्षण, त्यानंतर पायावर उभं राहायला आणखी पाच तरी, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे डॉक्टरकीएवढंच की." तेवढंच, आणि नोकरीची खात्री त्याहून कमी, हेही सांगितलं.

शेवटची गोष्ट मी तिला एकटीला सांगितली. जोड जमव. चार असोत, दहा असोत. आता दर रविवारी सकाळी माझ्याच वर्गात ते जमतात. माझे पाच विद्यार्थी व्हायोलिनवर, एक कॉलेजचा पोरगा चेलोवर, एक बासरी, एक कीबोर्ड, आणि लग्नाच्या बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवणारे एक काका. तिनं स्वतः सगळ्यांचे कागद लिहिले. काकांना स्टाफ नोटेशन येत नाही, त्यांच्यासाठी सारेगममध्ये वेगळा कागद केला, आणि काळी पाचचा हिशेब तिनं आधीच करून ठेवला होता. पहिल्या रविवारी तीनदा सुरुवात केली, तिन्ही वेळा फुटली. चौथ्या वेळी काकांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "पोरी, एक सांग. तुझा हात वर जातोय तवा दम घ्यायचा, का खाली आल्यावर?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "वर जाताना, काका. माझ्याबरोबरच." आणि हात उचलण्याआधी पहिल्यांदाच तिनं स्वतः श्वास घेतला.